आपल्या भागाची माहिती

बेळगाव,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मनिषाक्का,

नमस्कार. कंग्राळीत सगळी बरी आहेत, तुझ्या आप्पांचा गुडघा सोडला तर. निपाणीच्या खोलीत पाण्याचा त्रास होता तो मिटला काय? फोनच करणार होतो, पण तुझा आवाज ऐकला की मी विषय बदलतो. म्हणून कागद.

माझी इंटर्नशिप चालू आहे. तीन कॉलेजं बदललेला मी कर्नाटक सरकारच्या गुप्तवार्ता खात्यात लागलो हे गावात अजून कुणाला खरं वाटत नाही. मंगलकाकू म्हणाली, "ह्याला सांगितलेलं गुपित सांजच्याला संकेश्वरात पोचतंय, आणि ह्यालाच घेतला व्हय?" सगळी हसली, मीपण. काम तसं काही नाही. मराठी पेपर वाचायचे, कात्रणं चिकटवायची, फायली नंबरानं लावायच्या. काल दुपारी सटकलो आणि सांबऱ्याला विमानतळावर जाऊन विमान बघत बसलो. उतरलं, माणसं बदलली, परत उडालं. खुर्चीत बसवतच नाही गं.

ते असू दे. माझी निवड कशी झाली ते तुला कधी सांगितलं नाही. अर्जासोबत दोन पानं लिहून मागितली होती, आपल्या भागाची माहिती म्हणून. बाकीच्या पोरांनी ऊस, कारखाना, लोकसंख्या असलं नेटवरून उतरवलं. मला ते जमत नाही. मी माणसं लिहिली. आणि आपल्याकडं माणसाचं कौतुक कसं करतात? पाव्हणा आला की चहाच्या आधी सांगतात, ह्यांचा आजा सीमालढ्यात जेलात होता. मी तसंच लिहिलं. आमची चुलत बहीण मनिषाक्का काळ्या दिनाला, एक नोव्हेंबरला, काळी फीत बांधून सायकल फेरीत सगळ्यांच्या पुढं असते, तीन वर्षांत एकदाही चुकली नाही, पोलिसांनी गाडीत घातलं तरी घोषणा थांबवल्या नाहीत. लई अभिमानानं लिहिलं. आमच्या हापिसाचे नागराज सर वाचून म्हणाले, ह्या पोराला गाव ठाऊक आहे. घेतलं.

परवा फायली लावताना तुझी सापडली. तुझ्या तलाठी म्हणून नेमणुकीआधीची चौकशी. आत माझी दोन पानं, झेरॉक्स केलेली. तुझ्या ओळींखाली लाल रेघ, शेजारी कानडीत भाषांतर. कानडीत कौतुक उतरलंच नव्हतं, नुसत्या तारखा उतरल्या होत्या. शेवटी पेन्सिलीनं शेरा : नेमणुकीस योग्य नाही. सही व्हायची होती.

मी सरांकडं गेलो. म्हटलं, हे मी आपलं सहज लिहिलंय, काढून टाका. सर वाईट नाहीत. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला.

"तूच लिहिलास न्हवं?"

"व्हय सर."

"मग खोटं हाय म्हणून लिहून दे, मी काढतो. पण खोटं लिहिणारा पोरगा मला हितं चालत न्हाय."

कोरा कागद पुढं सरकवला. आक्का, प्रमाणपत्र मिळायला अकरा दिवस राहिले होते. मी पेन उचललं नाही.

"खरं हाय सर," म्हणालो.

सरांनी सही केली. फाईल वर गेली. आणि त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तू म्हणालीस, चार महिने झाले रं, तू त्याच हापिसात हायस तर माझा कागद कुठं अडकलाय बघ की. मी म्हणालो, बघतो.

अपील करता येतं म्हणे. पण माहिती कुणी दिली ते त्यात कधीच सांगत नाहीत, म्हणून मी सांगतोय. हे पत्र अपिलाला जोड. त्यानं काही होईल असं मला वाटत नाही. तिथं माणूस कुणी बघत नाही, लिहिलेलं बघतात. आणि मी लिहिलेलं खरंच आहे.

आप्पांना काय सांगायचं ते तू ठरव. काल सांबऱ्याहून आलो तर त्यांनी घरी बोलावून मला टॉवेल-टोपी दिली, सरकारी खात्यात पाऊल टाकलं म्हणून. "आता हिचीबी ऑर्डर येतीया बघ," म्हणाले. मी वाकून पाया पडलो आणि टोपी घालून घेतली.

तू मला सौऱ्या म्हणतेस. अपिलात ते चालणार नाही, म्हणून पूर्ण लिहितो.

माहिती देणारा,
सौरव परशराम पावशे