नाल आणि टोपी

ग्योतोकु, ८ मार्च २००७

प्रिय नचिकेत,

'प्रिय' लिहिलंय खरं, पण तू आणि अप्पांनी मिळून मला इतकं पिडलंय की तो शब्द लिहिताना पेन जरा अडलंच. ईमेल मुद्दामच केला नाही. ईमेलला तू 'ओके ताई' एवढं उत्तर देऊन मोकळा होतोस. हे पत्र तुला निदान शेवटपर्यंत वाचावं लागेल, आणि अप्पा पुण्याला पोचायच्या आत ते तुझ्या हातात पडायला हवं.

आधी अप्पांची खबरबात देते, कारण तू काही विचारणार नाहीस. तब्येत छान आहे आणि हट्ट तब्येतीहून छान आहे. इथे जपानात जळणारा कचरा वेगळ्या दिवशी, प्लास्टिक वेगळ्या दिवशी, बाटल्या वेगळ्या. साऱ्या बिल्डिंगला जमतं, फक्त वीज मंडळातून निवृत्त झालेल्या आपल्या वडिलांना जमत नाही. चहाचा चोथा त्यांनी बाटल्यांच्या दिवशी टाकला. कचरागाडीवाल्यांनी पिशवी लाल स्टिकर लावून तिथेच ठेवलेली. अप्पांनी शांतपणे स्टिकर सोलून काढला आणि पिशवी परत जागच्या जागी ठेवली. मग मी खाली जाऊन केअरटेकर बाईंपुढे कमरेत वाकून माफी मागत होते आणि हे माझ्या मागे ताठ उभे, जणू चोथा शेजाऱ्यांचा होता.

आणि ती टोपी! आल्या आठवड्यातच स्टेशनजवळच्या दुकानातून एक तपकिरी लोकरी टोपी घेतली, ती डोक्यावरून उतरतच नाही. जेवताना टोपी, टीव्हीपुढे टोपी. कोतो भागात मितालीच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं, तिथे मागच्या बाईंना दिसेना म्हणून मी कानात सांगितलं, अप्पा, जरा काढता का? तर मोठ्यांदा म्हणाले, "मी साहेबासमोर कधी टोपी काढली नाही, इथे कशाला काढू?" साहेबासमोर ते टोपी घालत तरी होते का, हे विचारायची सोय नाही. चारुदत्त नेहमीप्रमाणे मोबाईलमध्ये बघत बसला. जावयाला बरं असतं.

दुपारी मी पार्ट-टाइमला जाते तेव्हा अप्पा आणि मिताली घरी दोघंच असतात. इथे एका चॅनेलवर जुनी अमेरिकन काउबॉयची मालिका लागते. घोडे, धुरळा, लाकडी दुकानं, आणि सगळे जण बोलतात जपानी. अप्पांना जपानीतलं अक्षर कळत नाही, तरी रोज बघतात आणि वर मितालीला मराठीतून गोष्ट समजावून सांगतात! हा सज्जन, तो चोर, ही बाई त्याची बहीण. बहुतेक वेळा ती बहीण नसतेच. मितालीला सगळं नीट कळत असतं, पण आजोबांना दुखवायचं नाही म्हणून पोर गप्प ऐकते. हा समजूतदारपणा तिने आपल्या घराण्यातून उचललेला नाही.

मागच्या मंगळवारी मला सुट्टी होती म्हणून मीही बसले. त्या दिवशीच्या भागात एक म्हातारा होता, शेकडो गुरांचा मालक. त्याचा एकुलता एक मुलगा घरचं सगळं सोडून गावात घोड्यांना नाल ठोकायचं दुकान टाकतो. बापाला लाज वाटते. चारचौघांत तो मुलाला काहीतरी बोलतो आणि मुलगा घर सोडतो. नच्या, तुला शप्पथ सांगते, मी उठून चहाच ठेवायला गेले. मला दुकानाच्या पूजेचा दिवस आठवला. तू हिंजवडीची नोकरी सोडलीस, जपानचं पोस्टिंग सोडलंस, आणि सायकलींचं दुकान काढलंस. शटरला झेंडूची माळ, तुझे जुने ऑफिसवाले पेढे खातायत, आणि अप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "जावई जपानला गेला, चिरंजीव पंक्चर काढणार." कोणी हसलंसुद्धा. मी तिथे होते, तुझा चेहरा मी पाहिलाय. त्यानंतर तू दुकानामागच्या खोलीत राहायला गेलास आणि तेव्हापासून तुमचा एकमेकांशी शब्द नाही. आई असती तर दोघांना कान धरून एका ताटावर बसवलं असतं. मला तेवढा अधिकार नाही आणि टोकियोहून हातही पोचत नाही.

तर त्या भागाचा शेवट असा. म्हातारा घोड्यावर बसून स्वतः मुलाच्या दुकानी येतो. घोड्याचा एक नाल निखळलेला असतो. मुलगा काही न बोलता नवा नाल ठोकतो. बाप डोक्यावरची हॅट काढतो, हातात धरून उभा राहतो. संपलं. अप्पांनी लगेच निकाल दिला, "बघ मिताली, नाल पडला म्हणून यावं लागलं. कामापुरतं काम. आणि भट्टीची धग लागली म्हणून टोपी काढली." तेव्हा मात्र आमच्या कन्येला राहवलं नाही. "चिगाउ, आजोबा," म्हणाली, म्हणजे चूक. तो आधी घरी बायकोशी बोलतो ना, तेव्हा सांगतो की नाल मीच काढलाय. मुद्दाम. आणि टोपी धगीने नाही काढली, तो सॉरी म्हणतोय. बोलायला जमत नाही म्हणून.

अप्पा म्हणाले, "काहीतरीच. बाप कशाला सॉरी म्हणेल?" आणि उठून गॅलरीत गेले.

पण रविवारी सकाळी तोच भाग परत लागतो. बरोबर वेळेला आंघोळ करून टीव्हीपुढे हजर! मितालीला शेजारी बसवलं आणि एकेक वाक्य विचारून घेतलं. आता काय म्हणाला? आणि आता? ते पोर कंटाळून गेलं. भाग संपला तसा टीव्ही बंद केला. मला वाटलं, सुटले. कसली सुटते! संध्याकाळी जेवताना चारुदत्तला विचारतात, "काय हो, पंक्चर खिळ्यानं आपोआप झालं की कुणी मुद्दाम केलं, हे मेकॅनिकला ओळखू येतं का?" आमच्या ह्यांनी पोळीवरून नजरही न उचलता सांगितलं, "चांगला मेकॅनिक असेल तर येत असेल." अप्पांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "चांगलाच आहे तो." एवढंच. पुढे आमटी जास्त आंबट झालीय म्हणून माझ्यावर घसरले.

आता तरी कळलं का, मी हे पत्र का लिहितेय? एवढा हुशार असून तुला कधी काही वेळेवर कळलेलं नाही, म्हणून सगळं फोड करून सांगते. तिकडे घरी जिन्याखाली अप्पांची जुनी काळी सायकल उभी आहे. पुण्याला आल्यावर एक-दोन दिवसांत ते ती ढकलत तुझ्या दुकानी येतील. ट्यूबला भोक असेल आणि ते कुठल्याही खिळ्याने पडलेलं नसेल. तुला बघताक्षणी ओळखू येईल. तू ओळखू नकोस. तुझ्या हाताखालच्या माणसाला पुढे करू नकोस, स्वतः बस आणि नीट ठिगळ लाव. तीन महिने मी या माणसाशी झगडलेय, हा एक उपकार कर माझ्यावर. बोलायची सक्ती नाही, दोघांपैकी कुणालाच. आणि काम चालू असताना त्यांनी ती तपकिरी टोपी डोक्यावरून काढून हातात धरली, तर पुण्याचा मार्च तापलाय म्हणून काढली असेल, असं समजून पंखा लावायला जाऊ नकोस.

तुझीच, तुम्हा दोघांना वैतागलेली,
वृंदाताई