एका कोठीच्या दोन किल्ल्या

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून उभ्यानेच घालते, मान्य करून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावलं, तरी तू सारखी माडीवर असतेस, असं शेजारणीकडून कळलं. विचारलं तर 'मी फक्त उतरते' म्हणतेस म्हणे. चढल्याशिवाय उतरतेस कशी, हे तिलाही उमगलेलं नाही.

तू मागे विचारलंस की चष्म्यांच्या कारखान्यात मी नेमकं करते काय, कारण चष्मा तर मला एकही बनवता येत नाही. तर ऐक. आमच्याकडे एक दणकट सर्व्हर आहे. त्याच्या पोटात खरी नसलेली, पण स्वतःला खरी समजणारी यंत्रं चालतात; त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एका घरात भाड्याने राहणारी बिऱ्हाडंच समज. आमच्याकडे अशा दोघी: थोरलीकडे ऑर्डरींची नोंद, धाकटीकडे माल पाठवणं. दोघींचं सामान मात्र नेटवर्कवरच्या सामायिक स्टोरेजमध्ये, म्हणजे अंगणापलीकडच्या कोठीत. आजवर तिथलं काहीही हवं असलं की सर्व्हर, म्हणजे घरमालकीण, आणून द्यायची. त्यात तिचा वेळ जायचा आणि माझा जीव. म्हणून मी म्हटलं, मध्यस्थ हवाच कशाला? बिऱ्हाडांना थेट कोठीचं दार उघडून देऊ. (साहेब नेहमीप्रमाणे 'सावकाश' म्हणाले. ते आग लागली तरी हेच म्हणतील, म्हणून कुणी मनावर घेत नाही.)

कल्पना उत्तम होती, आत्या, आणि आजही आहे. फक्त दोघींना दोन खोल्या द्यायच्या, तिथे मी एकाच खोलीच्या दोन किल्ल्या दिल्या. बरं, भांडल्या असत्या तर निदान आवाज तरी झाला असता! पण एकीला दुसरीचा पत्ताच नाही. थोरलीने रिकामं फडताळ बघून सामान लावलं. धाकटीच्या डोक्यात ते अजून रिकामंच, तिने त्यावरच आपलं रचलं. दिवसभर दोघी मन लावून, अगदी गुण्यागोविंदाने एकमेकींचा संसार मोडत होत्या. संध्याकाळी एक ऑर्डर उघडली, तर डाव्या डोळ्याला कुण्या आजोबांचा नंबर आणि उजव्याला टेम्पोचा. साहेब 'लवकर' म्हणाले, तेव्हा मला खरी भीती वाटली.

आदल्या दिवशीची प्रत होती म्हणून निभावलं. मधल्या ऑर्डरी दुकानदारांना फोन करकरून पुन्हा मागवल्या. शिव्या न मागता मिळाल्या. आता खोल्या वेगळ्या आहेत, दारं थेटच आहेत आणि काम झपाट्याने होतं. पण कधी एकच खोली दोघींना द्यायची झालीच, तर कुणी केव्हा हात घालायचा हे ठरवणारं मध्ये कुणीतरी लागतं, एवढं शिकले.

तुझी लाडकी भाची
(दादालाही तू लाडका म्हणतेस, ते मला ठाऊक आहे.)

ता. क. पत्र खरं तर यासाठी. आई गेल्यापासून बाबा एकटे राहतात, ते मला बघवत नाही. मी त्यांना कायमचं माझ्याकडे बोलावलं, ते हो म्हणाले. मी खोली रंगवून घेतली, खिडकीपाशी पलंग लावला. काल वहिनीच्या बोलण्यात आलं की दादानेही परस्पर बोलावलंय, आणि बाबा त्यालाही हो म्हणालेत! पलंग त्यानेही घेतलाय. दादाला नको म्हणायला मला तोंड नाही, आणि बाबांना सोडायला मन नाही. पूर्वी आमच्या घरातला प्रत्येक निरोप तुझ्यामार्फत जायचा, म्हणून आम्ही तुला टेलिफोन ऑफिस म्हणायचो. ते ऑफिस पुन्हा उघड. ये आणि आमच्या मध्ये बस.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवण्याआधी बाबांनाच फोन केला आणि विचारलं, तुमच्या मनात काय आहे? (हे अजून कुणी विचारलंच नव्हतं.) आधी माझ्या कंबरेची चौकशी केली. मग म्हणाले, मला माझ्या घरातच राहायचंय गं, पण कुणाला नाही म्हणवेना, म्हणून तिघांनाही हो म्हटलं. मला रडूच आलं. फोन ठेवल्यावर मोजून पाहिलं, तर मी आणि दादा मिळून दोनच होतो. आत्या, गुडघा एवढा दुखत असताना माडीवर पलंग कुणासाठी लावते आहेस?