अंगठ्याखालची नाडी

३ जून
मिरजेहून म्हैसूरला आले. जयलक्ष्मीपुरममधलं हे नर्सिंग होम लहान पण लखलखीत आहे. इन-चार्ज अंबुजाक्का इथल्या जुन्या मराठी घरातल्या. मराठी बोलताना कधी कन्नडात शिरतात, त्यांचं त्यांनाही कळत नाही. आल्या आल्या गरम इडली दिली आणि दोन सिस्टर नोकरी सोडून गेल्याचंही सांगितलं. इडलीच्या नादात मी ते मनावर घेतलं नाही.

७ जून
पुन्हा दुहेरी ड्यूटी. पाय भरून आलेत. नाडी तीन बोटांनी बघायची, अंगठ्याने नाही, कारण अंगठ्यात आपलीच नाडी उडते. पहिल्या वर्षाचा धडा. पण दमलेला हात कसाही पडतो. इथे सगळ्यांचाच अंगठा पडतो, आज माझाही पडला.

८ जून
विजयनगरचे शिंपी गंगाधरराव आतड्याच्या ऑपरेशननंतर काल वॉर्डात आले. आज सारखे तळमळत होते. हातपाय गार, कपाळावर घाम, लघवी जवळजवळ नाही, बीपी थोडा उतरलेला. आत रक्तस्राव होतोय, असंच हे सगळं सांगत होतं. पण नाडी संथ, भरदार लागली. मला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. मी नाडीवर विसंबले, डॉक्टरांना कळवलं नाही.

९ जून, सकाळी
आज तीन बोटं ठेवली. नाडी नाही. मानेलाही नाही. छाती हलत नव्हती. काल अंगठ्याने मी माझीच नाडी मोजली होती. मदतीला हाक मारताना माझा अंगठा त्यांच्या मनगटावर टेकला, आणि त्यांनी डोळे उघडून कॉफी मागितली.
अंबुजाक्का धावत आल्या, त्यांनी दुसऱ्या मनगटावर अंगठा ठेवला.
“छान चाललीय की ग नाडी. सुम्मने, उगाच घाबरतेस.”
डॉक्टर बंगळूरला. मी फोनवर सगळं सांगितलं. निघालेत.

दुपारी
अंगठा काढला की श्वास थांबतो. ठेवला की बोलतात. दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा धीर नाही. डॉक्टर येईपर्यंत धरून ठेवायचं. चूक माझी आहे. गंगाधरराव म्हणाले,
“स्वल्प धरून बसा, सिस्टर.”
अंबुजाक्का हसतात, नवी सिस्टर पेशंटचे फार लाड करते म्हणतात. डाव्या हाताने धरलंय, उजव्याने लिहितेय.

नंतर
माझे पाय गार पडलेत. कपाळाला घाम. ही लक्षणं ओळखते मी — त्यांच्या गालांवर मात्र रंग आलाय. त्यांची बायको लक्ष्मीदेवी माझ्या पाया पडायला वाकली. नको म्हणायलाही दम —

संध्याकाळ
डॉक्टर अजून नाहीत. भीती वाटते. फार. मला जगायचंय.
सोडते.
बोटं उघडली — अंगठा काढला — पण हात सुटत नाही. त्यांनीच मनगट धरलंय माझं. अंगठ्याने.
लक्ष्मीदेवी विचारतेय, सिस्टर अशा पांढऱ्या का दिसतात. ते उठून बसलेत. शांतपणे सांगतायत, काही नाही, दमल्यात जरा, झोपू दे त्यां