एका निगेटिव्हचा शोधखर्च

४ फेब्रुवारी
न्यायसंस्थेने आज माझं पेन पळवलं. बेलिफ समन्स घेऊन स्टुडिओत आला, सहीला माझंच पेन मागितलं आणि स्वतःच्या खिशाला लावून चालता झाला. तीव्र निषेध.
समन्स असं : फर्निचरवाले दोघे भाऊ दुकानावरून कोर्टात गेलेत. बावीस वर्षांपूर्वी उद्‌घाटनाचा फोटो मी काढला होता. तेव्हा पाटीवर नाव कोणाचं होतं, ते त्यात दिसेल. निगेटिव्ह हजर करा. भांडण त्यांचं, धूळ माझ्या नाकात. पण वरच्या मजल्यावरचे वकील म्हणाले, तिऱ्हाइताला पडलेला वाजवी खर्च मागणाऱ्याने, म्हणजे थोरल्याने द्यायचा. बिल करायला घेतलं. निगेटिव्ह नंतर.

५ फेब्रुवारी
शोधकाम. तज्ज्ञाचा वेळ. मनस्ताप (वेगळा). बेरीज बघून स्टुडिओला रंग काढायचं ठरवलं. ही चार दिवस बहिणीकडे गेलीय, येईपर्यंत वाळेल.

८ फेब्रुवारी
शोध सुरू. निगेटिव्ह डब्यांत लावायचं काम हिचं, देखरेख माझी. पत्र्याचे सत्तर डबे, एकावरही तारीख नाही. ‘रडकी बाळं’. ‘नवी साडी’. ‘नवरा घाईत’. ही काय सिस्टीम झाली? ‘दुकानं’ असा डबाच नाही.

१३ फेब्रुवारी
एकोणतीस डबे झाले. शिंका मोजणं सोडून दिलं. थोरल्याला बिलाचा अंदाज कळवला. म्हणाला, काका, फोटो मागितलाय, स्टुडिओ नाही. तासाभरात धाकटा हजर. म्हणे, दादाला खुशाल लुटा, पण पाटी नीट दिसू दे.

१७ फेब्रुवारी, सकाळी
हिला फोन करणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१७ फेब्रुवारी, दुपारी
केला.

१८ फेब्रुवारी
ही आली. टॅक्सीने. पाण्याचा जग कुठे असतो ते ठाऊक असूनही पाणी मला मागितलं. वीस मिनिटांत निगेटिव्ह काढून दिली. डबा : ‘एकत्र’. म्हणाली, तेव्हा एकमेकांच्या खांद्यावर हात होते ना त्यांचे? मी माणसं बघून लावायची. तुम्ही फोकस बघायचात.
राहतेस का, असं विचारणार होतो. तिने टॅक्सी थांबवून ठेवली होती.
बिलात शोधकाम अकरा दिवस लिहिलं. खाली तिची टॅक्सी.

२४ फेब्रुवारी
कोर्ट. फोटोतल्या पाटीवर नाव दोघांच्या वडिलांचं निघालं. दोघांनीही खाली पाहिलं.
मग माझं बिल. जज मॅडमनी विचारलं, शोधलं कोणी? शपथ घेतलेली. बायकोने. किती वेळात? वीस मिनिटांत. अकरा दिवस खोडले. तज्ज्ञ खोडला. मनस्ताप खोडला. उरली टॅक्सी. घरच्या बाईला घरच्या दुकानात यायला टॅक्सी कशाला? कोर्ट हसलं. सांगावं लागलं, ती बहिणीकडे असते. किती दिवस? शपथ. सात महिने, म्हणालो. कोणी हसलं नाही.
थोरल्याने जाण्यायेण्याचे एकशेवीस द्यावेत आणि मी ते तिला पोचवावेत, असा हुकूम झाला.

२५ फेब्रुवारी
मेहुणीच्या दारात उभं राहून एकशेवीस पुढे केले. ‘राहू द्या हो’ म्हणेल, म्हणून हात जरा वेळ तसाच धरला. हिने मोजून घेतले.