आखणीची ओळ

बाबा, आज तुमचा फार राग आला. पेणला, आपल्या गणपतीच्या कारखान्यात नाही. रोह्याला, माझ्या कामाच्या जागी, कॉम्प्युटरसमोर बसलेला असताना. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मी काय काम करतो तेही आधी सांगावं लागेल. केमिकलच्या कंपनीत टाक्या असतात. कुठल्या टाकीत किती पाणी सोडायचं, किती तापवायचं, कधी ढवळायचं हे यंत्राला लिहून द्यावं लागतं, आणि ते लिहायची एक भाषा असते. आजवर ती इंग्रजी शब्दांची आणि कंसांची होती. शिफ्टवरच्या माणसांना ती वाचता येत नसे, लहानसा बदल करायचा तरी बाहेरून इंजिनिअर बोलवावा लागे. मी मराठीत नवी भाषा बनवतो आहे. मी म्हणजे तोच, ज्याला तुम्ही दहावीनंतर "शिकून काय दिवे लावणार हायेस?" म्हणून मातीत बसवलंत.

त्या इंग्रजी भाषेत आधी 'सोड' म्हणायचं आणि मग काय सोडायचं ते सांगायचं. आपण असं बोलत नाही. आपण म्हणतो, 'पहिल्या टाकीत पाणी सोड', 'साठ अंश होईपर्यंत तापव'. माझ्या भाषेत तसंच लिहायचं. कंस नाहीत. ओळ संपली की हुकूम संपला. ऱ्हस्वदीर्घाची चूक मला दाताखालच्या खड्यासारखी लागते, तरी कुणी 'पाणि' लिहिलं तर माझी भाषा ते समजून घेते. एकेक शब्द मी घाबरत घाबरत, दहादा फिरवून ठरवला. आणि सगळ्याच्या मधोमध एक ओळ ठेवली. तिच्यात एकच शब्द: आखणी.

आपल्याकडे मूर्तीचे डोळे रंगवण्याला आखणी म्हणतात. ती होईपर्यंत ती माती असते. सोंड वाकडी वाटली, बोट जाड झालं, की तुम्ही मूर्ती उचलून परत माती भिजवायच्या टाक्यात टाकत होतात. डोळे आखले की तो देव, मग त्याला सुधारायला कुणी हात लावायचा नाही. माझ्या भाषेत 'आखणी'च्या वर सगळी मापं लिहायची, हवी तितकी खोडायची. खाली फक्त काम करायचं, माप बदलायचं नाही. टाकी तापलेली असताना कुणी मध्येच आकडा बदलला तर माणसं भाजतात, म्हणून. हा नियम सुचला तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

काल त्याची चाचणी होती. माझे मालक कोकणी मुसलमान आहेत. बरीच वर्षं आखातात वायरिंगची कामं करून आले आणि इथे रोह्याला यंत्रांची कंट्रोल पॅनल बनवायचं वर्कशॉप टाकलं; मातीतून उठून मी हे काम इथेच शिकलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी जवळच्या खांब गावचे, टाक्या चालवणारे एक जुने ऑपरेटर बोलावले होते, त्यांना आम्ही मामा म्हणतो. दोन लहान टाक्या मांडल्या, त्यांत नुसतं पाणी.

"घ्या मामा, लिवा," चाचा म्हणाले. "इंग्रजीचा बाऊ नाय. घरी बायकोला सांगता तसं सांगा."

"बायको कुठं ऐकते माझं?" मामा म्हणाले आणि दोन बोटांनी लिहायला लागले. टाकी भरली, पाणी तापू लागलं. मग मामांना उष्णता थोडी वाढवावीशी वाटली. त्यांनी आखणीच्या खाली नवा आकडा लिहिला. पडद्यावर आलं, 'चूक'.

"काय चूक?"

"नीट बघा ना, मामा," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा पुसला, पाहिलं, परत तोच आकडा लिहिला. परत 'चूक'.

"आरं, हे सारखं चूक चूक काय करतंय? पाल हाय का?" मामांनी हात मागे घेतले. "काय चुकलं ते सांगंल का नाय? आमचा बापूस असाच व्हता. कानाखाली आधी, कारण कधीच नाय."

चाचा खो-खो हसले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटा, सोमवारी कंपनीवाले बघायला येणार हायत. माणूस हात काढून घेतो, असली भाषा कोण घेईल? सुधार. नायतर आपण जुनीच लावू, आणि तुझी तू घरात बोलत बस."

'नीट बघा ना.' बाबा, हे माझ्या तोंडून निघालं, पण ते तुमचं आहे. अजून डोळ्यांसमोर येतं: मी पेणच्या कारखान्यात उभा आहे, माझी पहिली पूर्ण मूर्ती तुमच्या हातात आहे. तुम्ही ती फिरवता, आणि टाक्यात सोडता. मी विचारतो, काय चुकलं? "डोळे हायत ना? नीट बघ." कुठे बघू? मूर्ती तर विरघळते आहे! कान चुकला की पोट, हे मला आजही माहीत नाही. आणि पुढे ज्या दिवशी तुम्ही आखणीसाठी कुंचला माझ्या हातात दिलात, त्या दिवशी मूर्तीला टेकायच्या आतच काढून घेतलात. "याचा हात कापतो," सगळ्यांसमोर. कोणीतरी म्हणालं, "थंडी वाजत असंल, गोधडी द्या त्याला." तुम्हीही हसलात. कुंचला चुलतभावाला दिलात. हात कशाने कापत होता, ते तुम्ही विचारलं नाहीत. तुमच्या भीतीने कापत होता. धीराचा एक शब्द बोलला असतात तर थांबला असता, आणि तो एक शब्द तुम्हाला जड झाला.

आज सकाळपासून बसून मी 'चूक' हा शब्द भाषेतून उपटून काढला. प्रत्येक जागी कारण लिहिलं. आता पडदा म्हणतो, 'टाकी तापलेली आहे, म्हणून इथे उष्णता बदलता येणार नाही. बदलायची असेल तर आधी "थांब" लिहा, मग आखणीच्या वर जाऊन आकडा बदला.' आखणीची ओळ मात्र ठेवली. ती ठेवताना दात-ओठ खाल्ले, कारण नियम तुमचा आहे आणि तो बरोबर आहे. दुपारी मामा परत आले. मुद्दाम तीच चूक केली, वाचलं, वर गेले, आकडा बदलला. "हां," ते म्हणाले, "आता माणसासारखं बोलतंय." सोमवारचं सोमवारी बघू.

अजून एक गोष्ट बदलली. मूर्ती चांगली झाली तरी तुम्ही काही बोलत नव्हतात, नुसते पुढच्या पाटाकडे सरकत होतात. माझी भाषाही सगळं बरोबर झालं की गप्प बसायची. आज तिथे एक शब्द घातला: 'जमलं'. ऑपरेटर लोकांना बरं वाटेल, असं चाचांना सांगितलं.

या पत्राला पत्ता नाही, म्हणून खरं लिहितो. मामा आणि चाचा मघाशीच गेले. मी लहान टाकी भरतो, रिकामी करतो आणि तीच एक ओळ परत चालवतो; दर वेळी पडद्यावर येतं, 'जमलं'. ती बरोबर चालते, मला माहीत आहे. तपासायचं काही उरलेलं नाही.