पाळीव प्राण्यांच्या खात्यातले दीर

चि. मेदेर यास,

नारीनहून तुझ्या एजेचा आशीर्वाद. (मोठी बहीण म्हणून द्यावा लागतो, मनात दुसरंच आहे.) आईचे गुडघे कसे आहेत, बाबा चहात मीठ कमी घालतात की नाही, ते कळव. फोनच केला असता, पण शेजारी सासूबाई (न बोलता, पण कान देऊन) बसलेल्या असतात आणि मला तुला मोकळेपणी झापायचं आहे.

घरखर्चाचा जुना प्रोग्रॅम बंद होणार म्हटल्यावर बिश्केकला खुर्चीत बसून तू सांगितलंस, फाइल काढायची, नव्यात घालायची, संपलं. काय संपलं रे? पहिल्यांदा घातली, तर त्या शहाण्याने आपले किर्गिझ सोम उझबेकांचे सोम (नाणं त्याच नावाचं, किंमत शंभरावा हिस्साही नाही) समजून आमची वर्षभराची शिल्लक दोन मेंढ्यांच्या शेपट्यांवर आणली. ते निस्तरून पुन्हा घातली, तर जुन्या नोंदी तशाच राहून सगळं दोनदा आलं. सगळं पुसून तिसऱ्यांदा घातली. नोंदी एकेकच आल्या, पण या वेळी त्याने स्वतःच्या अकलेने खर्चाचे गट पाडले.

तुला माहीतच आहे, सासरच्या थोरांची नावं मी घेत नाही, लिहीतही नाही. मोठ्या दिरांच्या नावात मेंढ्या पळवणारं ते जनावर आहे, म्हणून लग्न झाल्यापासून मी त्यांना "ओरडणारे" लिहिते. चुलत सासऱ्यांचं नाव घोड्याच्या नालाच्या धातूवरून, म्हणून ते "गंजणारे". त्यांच्या घरच्या कार्यांत केलेले आहेर याच नावांनी मांडलेले. रविवारी सगळे चहाला जमलेले असताना तुझ्या दाजींनी हौसेने हिशेब टीव्हीवर लावला. वर "पाळीव प्राणी", खाली "ओरडणारे", चाळीस हजार सोम. त्याखाली "घरदुरुस्ती", त्यात "गंजणारे".

मोठे दीर भाकरीला हात न लावता उठले. "माझ्या खऱ्या नावाची ओळ दिसेपर्यंत या घरात पाय ठेवणार नाही," म्हणाले. आणि पुढच्या महिन्यात सासूबाईंची सत्तरी! थोरला मुलगाच आला नाही तर मी तोंड कुठे लपवू? नाव तुझे दाजी टाइप करू शकले असते, पण त्यांना हसू आवरेना, म्हणून सासूबाईंनी त्यांना डोंगरातल्या कुरणावर घोड्या दोहायला पिटाळलंय. इकडे मी संतापाने धुमसते आहे आणि तो प्रोग्रॅम मला विचारतो आहे, आपल्या लाडक्या प्राण्याचं नाव काय?

तुझी (सध्या नाइलाजाने) एजे,
सायकाल

ता. क. : मला ते नाव लिहिता येत नाही. तू माहेरचा, तुला बंधन नाही. शनिवारी ये आणि टाइप कर.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवत होते, तोच मोठे दीर दाराबाहेर येऊन उभे. घसा खाकरून म्हणाले, "सूनबाई, माझ्यावर चाळीस हजार. काकांवर किती?" त्याच्या अर्धेही नाहीत, असं मी सांगितलं. मग आत आले, भाकरी मोडली, तीन वाट्या चहा प्यायले आणि जाताना म्हणाले, "राहू दे ते नाव तसंच." तू मात्र शनिवारी येच. "गंजणारे" कुंपणापलीकडे उभे राहून सगळं ऐकत होते.