गच्चीवरच्या हवेची वाटणी

मी, बेर्नार्दा ओसोर्नो सापाता, वय ७६, अविवाहित, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार मान्रिके, मेदेयीन. पूर्ण शुद्धीत आहे. शंका असेल त्याने मला आमच्या अबुर्रा दरीतली दहाही गावं दक्षिणेकडून उत्तरेकडे क्रमाने विचारावीत. हे मृत्युपत्र मी दबावाखाली लिहीत नाही. दबाव आला होता, तो परतवला.

१. बँकेतल्या शिल्लकीतून माझे अंत्यविधी करावेत. उरेल ते चर्चच्या वाचनालयाला.

२. भिंतीवरचा दरीचा जुना नकाशा धाकटा भाऊ रामिरो याला. त्यात आमचा डोंगर नुसता हिरवा आहे. दरी अरुंद, दोन्हीकडे डोंगर, तेव्हा शहर नदीकाठीच थांबणार, असं मठातल्या सिस्टरांनी शिकवलं. तीस वर्षं मीही तेच शिकवलं. रोज शाळेतून चढून घरी यायचे, तर दरवर्षी माझ्याही वर दहा-बारा नवी घरं. विटा पाठीवरून आणलेल्या, पायऱ्या स्वतः खोदलेल्या. सरकारचा रोपवे फार मागाहून आला. या माणसांनी माझा भूगोल खोटा पाडला, याचा मला अभिमान आहे. त्यांना 'अतिक्रमण' म्हणणाऱ्याने माझ्या अंत्यविधीच्या प्रार्थनेला येऊ नये.

३. घराचा तळमजला रामिरोचा आहेच. माझा पहिला मजलाही माझ्यानंतर त्यालाच.

४. गच्ची, आणि तिच्यावरची हवा, जिच्यात आमच्याकडे पुढचा मजला चढतो, ती माझ्यानंतर शेजारी शिवणकाम करणाऱ्या युर्लेदीला. रामिरो यावर चिडला. "ताई, बिल्डरला सगळं एकत्र हवंय. खाली सपाटीवर लिफ्टचा फ्लॅट घेऊ. हवा कुणी परक्याला देतं का?"

"आपल्या बापाला ही जमीन कोणत्या नातेवाइकाने दिली होती?" मी विचारलं. तो टोपी घेऊन निघून गेला.

युर्लेदीला सांगितलं, तर म्हणाली, "बाई, तुम्ही शंभर वर्षं जगा. मी थांबते की."

दोन लेकरं आणि आजारी आई एका खोलीत, आणि ही थांबते म्हणे. मला माझीच लाज वाटली.

५. सबब कलम ४ रद्द. गच्ची आजपासून तिची. वेगळं दानपत्र नोटरीकडे आजच केलं आहे. येत्या रविवारी सगळी गल्ली मिळून खांब उभे करील. मी खालीच राहते आहे. म्हातारीच्या झोपेसाठी कुणी हातोडा थांबवू नये.

साक्षीदार: एल्व्हिया तोबोन, किराणा दुकानदार
गिल्डार्दो उसुगा, गवंडी

सही: बेर्नार्दा ओसोर्नो सापाता
मेदेयीन, १४ ऑगस्ट २०१९